कार्ड आज काढलं, बिल कालचं: पैसे परत मिळतात का?

यवतमाळकडच्या गावांत सेतू केंद्राच्या बाकावर हा सल्ला फुकट मिळतो: "डिस्चार्ज झाला ना भाऊ, आता आयुष्मान कार्ड काढून घे, बिलाचे पैसे वापस भेटतेत." मग प्लास्टिकच्या पिशवीत मेडिकलच्या पावत्या जपून ठेवल्या जातात. कापूस विकून भरलेलं बिल असतं ते, आशा सुटत नाही.

पण पैसे परत येत नाहीत. 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेली ही आयुष्मान भारत योजना कॅशलेस आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण पैसे थेट दवाखान्याला जातात, तेही योजनेच्या यादीतल्याच दवाखान्याला. तुम्ही भरलेलं बिल कुठे जमा करायची सोयच त्यात नाही.

गंमत म्हणजे याच्या उलटी अफवाही तेवढीच जोरात चालते: जुना आजार असला तर कार्ड चालत नाही, किंवा काही महिने थांबावं लागतं. खाजगी विम्यात तसं असतं, इथे नाही. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो.

भरतीच्या मागचा-पुढचा खर्च धरला जातो, पण तोही थोडका. भरती होण्याआधीच्या 3 दिवसांतल्या तपासण्या-औषधं आणि सुटीनंतरचे 15 दिवस पॅकेजमध्ये येतात. म्हणून पेशंटला गाडीत घालतानाच आधार आणि रेशनकार्ड सोबत घ्या, आणि काउंटरवर ॲडव्हान्स भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठा. दवाखाना यादीत आहे का, हे 14555 वर फुकटात विचारता येतं.