शाळा, फादर आणि पालक : ‘सल्लागार’ या शब्दामागची पार्श्वभूमी

ख्रिस्ती शाळांतल्या पालकांच्या समितीला ‘सल्लागार’ हा शब्द कसा चिकटला, ते सांगायला थोडे मागे जावे लागते. वसईत आमच्या आईच्या पिढीने ‘पालकसभा’ हा शब्द ऐकला नव्हता. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फादर देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर उभे राहत, आणि शाळेचे मॅनेजर फादरही तेच असत. “तुझा मधला गणितात कच्चा पडलाय, संध्याकाळी पाठव त्याला,” एवढे तिथेच उभ्या उभ्या ठरायचे. आई पहाटे भाजीची टोपली घेऊन लोकलने मुंबईला जायची, त्यामुळे दिवसा शाळेत येणे तिला जमायचेच नाही. तिला सही येत नव्हती. प्रगतिपुस्तकावर ती शाईचा अंगठा उठवायची आणि पान लवकर मिटले की त्याच अंगठ्याचा पुसट ठसा समोरच्या पानावर, पुढच्या इयत्तेच्या रकान्यात उमटायचा. तो ठसा एवढाच तिचा शाळेच्या कारभारातला सहभाग. पण तिला शाळा परकी कधीच वाटली नाही.

देऊळ आणि शाळा एकाच आवारात, एकाच माणसाच्या हाती, हे वळण पोर्तुगीज काळापासूनचे. इंग्रजी अमदानीत १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली आणि मिशनच्या शाळा वाढल्या. त्या सगळ्या काळात आईबापांकडून अपेक्षा एकच होती : मूल कॅथलिक शाळेत घालायचे. १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेत तर कॅथलिक मुलांनी इतर शाळांत जाऊ नये असेच कलम होते. शाळा कशी चालवायची, हा प्रश्न पालकांपर्यंत येतच नव्हता.

ही मांडणी उलटली ती दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेत. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचे जे घोषणापत्र निघाले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असे म्हटले आहे. हे वाक्य आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या प्रत्येक भाषणात येते, पण त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही. आईवडिलांनी मुलाला जन्म दिला, म्हणून घडवण्याची पहिली जबाबदारी त्यांची, असे ते कारण आहे. बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती असण्याची, अट त्यात नाही. आपल्या शाळांच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या पालकांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन सगळे असतात, आणि कितीतरी शाळांत कॅथलिक पालकच थोडे असतात. जन्माचा आधार घेतला तर यातला कोणीही बाहेरचा ठरत नाही.

पुढे १९८३ च्या नव्या कायदेसंहितेत कलम ७९६ आले. शाळा ही आईवडिलांना त्यांच्या कामात मिळणारी मुख्य मदत, असे ते सांगते. म्हणजे काम आईवडिलांचे आणि मदतनीस शाळा. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की शिक्षकांनी पालकांशी जवळून सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे, पालकांचे संघ वा सभा स्थापाव्यात आणि त्यांना मान द्यावा. आमच्याकडे हे कलम धर्मगुरूंच्या कपाटात राहिले. देवळाच्या व्यासपीठावरून ते वाचलेले मी तरी ऐकले नाही.

‘पालक’ हा शब्दही या गोंधळात भर घालतो. चर्चच्या कागदांत जन्मदाते आईबाप अभिप्रेत आहेत. शिक्षणहक्क कायद्यात माता-पिता वेगळे आणि त्यांच्या जागी सांभाळ करणारी व्यक्ती वेगळी धरली आहे. मराठीत मात्र एकच ‘पालक’ सगळ्यांना पुरतो : आजीला, काकाला, वसतिगृहाच्या सिस्टरलासुद्धा. त्यामुळे “पालकांचे मत घेतले” या वाक्यातून मत नेमके कोणाचे घेतले, ते कळत नाही.

आता मूळ गाठीकडे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. १९७४ मध्ये अहमदाबादच्या एका जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने या हक्काला बळ दिले. आपले व्यवस्थापन मंडळ आपण निवडणे हा चालवण्याच्या हक्काचा गाभा ठरला. तेव्हा धोका सरकारी हस्तक्षेपाचा होता आणि ही तटबंदी गरजेची होती, यात मला शंका नाही.

मग २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. त्याच्या कलम २१ ने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या जागा स्त्रियांना. कारभारावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष अशी खरी कामे समितीला दिली. अल्पसंख्याक संस्थांनी आक्षेप घेतला की व्यवस्थापन आमचे, मग ही समिती कोणाची? २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अल्पसंख्याक शाळांतली समिती फक्त सल्लागार राहील, असे परंतुक, म्हणजे अपवादाचे वाक्य, कलमाला जोडले गेले. ही ख्रिस्ती शाळांना दिलेली खास सवलत असे आजही बोलले जाते, ते चूक आहे. त्याच परंतुकाने बाकीच्या खासगी अनुदानित शाळांनाही तीच मुभा दिली. पुढे ६ मे २०१४ च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, तो कायदाच लागू होत नाही असे ठरवले. सल्लागार समितीचीही सक्ती उरली नाही.

त्या काळात आमच्या भागातल्या एका शाळेत मी पालक म्हणून बैठकीला गेलो होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दोन महिने पाणी नव्हते. एका आईने विचारले, टाकीचे काय झाले? उत्तर आले, “ही मायनॉरिटी स्कूल आहे, समिती फक्त सल्ला देते.” ती बाई वहीत काहीतरी लिहीत होती. तिने पेन बंद केले आणि खाली बसली. कलम ३० सरकारला दाराबाहेर ठेवण्यासाठी होते, आणि त्या दिवशी ते एका आईपुढे आडवे घातले गेले. हक्क समाजाचा आहे, आणि तिथे बसलेल्या निम्म्या बायका त्याच समाजाच्या होत्या. कायद्याने ‘सल्लागार’ म्हटले म्हणून कलम ७९६ रद्द होत नाही. सरकारची सक्ती नको, हे म्हणणे रास्त. पण मग आपल्याच धर्मसंहितेने सांगितलेले आपण करायला हवे होते, ते अनेक ठिकाणी झाले नाही.

याच वर्षांत पैशाचे गणितही बदलले. मराठी माध्यमाच्या अनुदानित वर्गांचे पगार सरकार देते, आणि शेजारच्या इमारतीतली विनाअनुदानित इंग्रजी शाळा पालकांच्या फीवर चालते. देवळाच्या पायरीवर भेटणारा पालक आता चलन भरणारा पालक झाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आणली आणि सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडायचे ठरवले. फीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे घरे जमवायची, तीही मूल त्याच वर्गात बसलेले असताना. त्या वाटेला फारसे कोणी जात नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ च्या निकालाच्या बरोबरपणाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. ती सुनावणी मुख्यतः शिक्षकांच्या पात्रता परीक्षेची होती. पण २०१४ चा निकाल बदलला तर त्याच्याबरोबर कलम २१ आणि त्यातला ‘सल्लागार’ हा शब्दही परत येईल, आणि टाकीचा प्रश्न पुन्हा त्या शब्दापाशीच येऊन थांबेल.