भोवरा: घोड्याचा स्वभाव की मालकाचं नशीब?

घोडा घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, एकेक पाय उचलून खूर बघतो आणि मग जनावराभोवती सावकाश फेरी मारून भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची गोल वळणं, शोधतो. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी या पट्ट्यात घोडागाडीच्या शर्यतींचा नाद असलेल्या घरांमध्ये ही नजर बापाकडून मुलाकडे येते. मराठी माणूस भोवरा म्हणतो, कानडी माणूस सुळी म्हणतो, पण बोट दोघांचंही आधी कपाळावरच जातं. गळ्याशी देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, असला तर भाव चढतो. नको त्या जागी गोम, म्हणजे लांबट भोवरा, दिसली तर गिऱ्हाईक काही न बोलता मोरखी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, परत मालकाच्या हातात देतं. ‘भोवरा वर चढलाय, हातात राहायचं नाही हे’ एवढ्या एका वाक्यावर चांगल्या घोड्याची किंमत उतरते.

या पारखीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट घोड्याबद्दल आहे: भोवऱ्याच्या जागेवरून तो बुजरा निघेल की शांत, हे कळतं. दुसरी मालकाबद्दल आहे: अमुक भोवऱ्याचा घोडा दावणीला आला की घरात कर्ज होतं, कुणीतरी दगावतं किंवा उलट बरकत येते. पहिली गोष्ट तपासून बघता येते आणि गेल्या तीस वर्षांत ती काही प्रमाणात तपासली गेली आहे. दुसरीला शरीरशास्त्रात कुठलाच आधार नाही. घोड्याच्या कातडीवरच्या केसांपासून मालकाच्या घरातल्या आजारपणापर्यंत जाणारी वाटच अस्तित्वात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत, तर एक तर सगळीच परंपरा अंधश्रद्धा म्हणून फेकली जाते, नाहीतर निरपराध जनावर अपशकुनी ठरून हातोहात विकलं जातं. मला दोन्ही चुकीचं वाटतं.

ही नजर जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त घोड्यांच्या लक्षणांचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात १० ‘ध्रुवावर्त’, म्हणजे ठरलेल्या जागी असणारे भोवरे सांगितले आहेत. ओठ, कपाळ, माथा, छाती, कुशी अशा त्या जागा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही घोड्यांच्या जाती, रंग आणि लक्षणं आली आहेत. आपला हा मुलूख तेव्हा चालुक्यांच्याच सत्तेखाली होता आणि सौंदत्तीचे रट्ट त्यांचे मांडलिक होते. या ग्रंथांतल्या शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला तरी निरीक्षण म्हणून उरतं ते पक्कं आहे. कपाळ, छाती, कुशी या जागी भोवरे खरोखरच बहुतेक सगळ्या घोड्यांना असतात. इतर भोवरे मात्र प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात आणि जन्मभर बदलत नाहीत. हिवाळ्यात केस दाट झाले, उन्हाळ्यात झडले, रंग फिकटला, तरी भोवरा जागचा हलत नाही. म्हणूनच शर्यतीच्या जातिवंत घोड्यांच्या ओळखपत्रात घोड्याची आकृती काढून त्यावर भोवऱ्यांच्या जागी फुल्या मारतात. एकरंगी घोड्याच्या अंगावर पांढरा ठिपकाही नसेल, तर ओळख पटवायला या फुल्या फार उपयोगी पडतात.

भोवरा मुळात होतो कसा? केस कातडीतून सरळ उभे उगवत नाहीत, एका बाजूला कलून उगवतात. वाऱ्यानं निजलेल्या जोंधळ्यासारखे शेजारी शेजारी सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. डोक्यावर एक दिशा, मानेवर दुसरी, पोटाकडे तिसरी. जिथे या दिशा एकमेकींना भेटतात तिथे कुठेतरी केसांना वळावं लागतं आणि त्या वळणाच्या मध्याला भोवरा पडतो. गणितातही याला समांतर असा एक सिद्धान्त आहे. पूर्ण केसाळ चेंडूवरचे केस कसेही विंचरले, तरी किमान एका जागी ते सपाट बसूच शकत नाहीत. घोडा म्हणजे चेंडू नव्हे, पण अंगभर केस असलेल्या प्राण्याला भोवरा का टाळता येत नाही, ते यावरून समजतं.

पण भोवरा कपाळावर नेमका कुठे पडणार, हे ठरतं आईच्या पोटात. इथेच स्वभावाशी नातं असण्याची शक्यता निर्माण होते. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पेशींचे थर होतात. सगळ्यात बाहेरच्या थरातून कातडी तयार होते आणि त्याच थरातून मेंदू आणि मज्जासंस्थाही तयार होते. माणसाच्या गर्भात साधारण १० ते १६ आठवड्यांच्या काळात केसांची मुळं कातडीत उतरतात. त्याच वेळी खाली मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि वरची कातडी ताणली जात असते. हा ताण केसांचा कल ठरवतो, असा विचार १९७० च्या दशकात मांडला गेला. ज्या बाळांच्या मेंदूची वाढ फार लवकर खुंटलेली असते, त्यांच्या डोक्यावरचे भोवरे विचित्र जागी असल्याचं डॉक्टरांना दिसलं होतं. जनुकांचाही यात हात असतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांमधलं ‘फ्रिझल्ड-६’ नावाचं एक जनुक निकामी केलं, तर त्या उंदरांच्या पायांवर, एरवी जिथे केस सरळ असतात तिथे, भोवरे उमटले.

म्हणजे मेंदू आणि कातडी एकाच थरातून, एकाच काळात घडतात. त्यामुळे एकावरच्या खुणेत दुसऱ्याचा थोडासा माग सापडावा, ही कल्पना अशक्य नाही. ती खरी आहे का, हे मात्र जनावरांकडे जाऊनच बघावं लागतं.

आधुनिक काळात या प्रश्नाला तोंड फुटलं त्यात एका नालबंदाचा मोठा वाटा होता. मार्क डीसिंग हा अमेरिकेत घोड्यांना नाल ठोकणारा माणूस. रोज अनोळखी घोड्यांचे पाय मांडीवर घेणाऱ्याला कोणता घोडा लाथ झाडेल याचा अंदाज घ्यावाच लागतो, आणि त्याचं लक्ष कपाळावरच्या भोवऱ्याकडे गेलं. पशुवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांच्याबरोबर तो काम करू लागला. दोघांनी सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो गुरांवरचा होता. लस टोचण्यासाठी वगैरे गुरांना लोखंडी शिकंज्यात अडकवतात, तेव्हा ती किती धडपडतात याला गुण द्यायचे आणि भोवऱ्याची जागा टिपायची. सुमारे १,५०० गुरं तपासली गेली. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, ती सरासरीने जास्त धडपडली. भोवरा डोळ्यांच्या मध्ये किंवा खाली असलेली तुलनेने शांत राहिली. खिल्लार बैल पारखणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे ऐकवलं तर तो आश्चर्य करणार नाही.

घोड्यांवरचं महत्त्वाचं काम पोलंडमध्ये झालं. तिथल्या ‘कोनिक’ नावाच्या काटक जातीच्या ५५ घोड्यांवरचा अभ्यास २००७ मध्ये आला. उंच भोवऱ्याचे घोडे हाताळायला अधिक अवघड ठरले. ज्यांचा भोवरा लांबट किंवा दुहेरी होता, त्यांनी अनोळखी वस्तूजवळ जायला जास्त वेळ घेतला. लांबट भोवरा म्हणजे आपली गोमच. पुढच्या वर्षी आयर्लंडमधल्या २१९ घोड्यांच्या अभ्यासात वेगळीच बाजू पुढे आली. घोड्यांतही डावखुरे-उजवे असतात. चालायला सुरुवात करताना कुठला पाय आधी उचलतो, अडथळा कुठल्या बाजूने टाळतो, यावरून ते कळतं. डावा कल असलेल्या घोड्यांत घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे भोवरे जास्त आढळले आणि उजवा कल असलेल्यांत सुलट फिरणारे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, चला, जुनं शास्त्र सिद्ध झालं. पण ‘सरासरीने’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. उंच भोवऱ्याच्या शंभर घोड्यांचा गट आणि खालच्या भोवऱ्याच्या शंभर घोड्यांचा गट यांत थोडा फरक असू शकतो. समोर उभ्या असलेल्या एका घोड्याबद्दल त्यावरून पैज लावता येत नाही, कारण दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. उंच भोवऱ्याचा अगदी गरीब घोडा आणि खालच्या भोवऱ्याचा महाखट घोडा, दोन्ही भेटतात. शिवाय यातली परीक्षा बहुतेक वेळा नव्या, अनोळखी प्रसंगाची आहे. शिकंजा, अनोळखी वस्तू, परकी माणसं. भोवरा काही सांगत असेलच तर पहिल्या बुजण्याबद्दल सांगतो. जनावर पुढे किती शिकेल, किती विश्वास टाकेल, शर्यतीत किती पळेल, यातलं काहीही या अभ्यासांतून निघत नाही. माणसाच्या बाबतीत तर असाच एक दावा, की टाळूवरच्या भोवऱ्याच्या दिशेवरून डावखुरेपणा कळतो, २००३ मध्ये गाजला आणि नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही. घोड्याच्या भोवऱ्याबाबतही तेवढीच सावधगिरी हवी.

भोवऱ्याच्या समजुतीचा खरा धोका मला दुसरीकडेच दिसतो. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग आहे. माणसांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सांगितलं. तीन फेऱ्या झाल्यावर चौथ्या फेरीआधी सांगितलं, की या वेळी घोड्यासमोर अचानक छत्री उघडली जाईल. छत्री कधीच उघडली नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. त्याने फक्त माणसाची भीती ओळखली.

आता हाच प्रयोग आपल्या तबेल्यात रोज चालू आहे असं समजा. ‘हा वाईट भोवऱ्याचा’ असं पहिल्याच दिवशी कानावर पडलेला पोरगा त्या घोड्याजवळ कसा जाईल? मोरखी आखडून धरेल, पाय मागे ठेवून उभा राहील, खरारा करताना हात घाईने फिरवेल, घोड्याने मान हलवली तरी ओरडेल. घोडा ते सगळं वाचतो आणि ताठर होतो. महिन्याभरात तो खरोखर लाथ झाडतो, आणि जाणते म्हणतात, बघा, भोवऱ्यानं सांगितलंच होतं. अशा घोड्याच्या वाट्याला नवा मालक येतो, मग त्याहून नवा, आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा घाबरलेला असतो.

स्वभाव काही प्रमाणात जन्मजात असतो, हे खरंच आहे. जपानमध्ये २००५ साली थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या जिज्ञासू किंवा सावध असण्याचं नातं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाशी जोडून दाखवलं गेलं. पण हाताळणीचा वाटा मोठा आहे. फ्रान्समध्ये शिंगरू जन्मल्यावर पहिले ५ दिवस रोज १५ मिनिटं त्याच्या आईच्या अंगावरून ब्रश फिरवला गेला. शिंगराला कुणी हातही लावला नाही. ते आईशेजारी उभं राहून बघत होतं. अशी शिंगरं पुढे माणसाला कमी बुजली. घोडी व्यायली की तिला रोज मायेने खरारा करणं हे आपल्याकडच्या कुठल्याही तबेल्यात आजपासून जमण्यासारखं आहे, त्याला पैसा लागत नाही.

सराव काय करू शकतो हे बेळगाव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालतात. गावोगाव लोक पाया पडतात, हात लावतात. टाळ-मृदंगाचा गजर, पताका, हजारोंची दाटी. आणि या सगळ्याच्या मधोमध रिंगणात एक अश्व स्वारासह आणि माउलींचा अश्व रिकाम्या पाठीने धावतो. घोडा हा मुळात उघड्या माळावर पळून जीव वाचवणारा प्राणी. अशा प्राण्याने त्या गर्दीत स्थिर राहावं, हे कपाळावरच्या केसांच्या वळणाने साधत नाही. गर्दीची, आवाजाची, परक्या स्पर्शाची सवय टप्प्याटप्प्याने लागावी लागते, आणि जवळचा माणूस घोड्याच्या भरवशाचा असावा लागतो.

मग घोडा घेताना काय बघावं? भोवरा बघायला हरकत नाही, पण त्याला दहातला एखादाच गुण द्यावा. कान कुठे वळतात, माणूस जवळ आल्यावर नाकपुड्या आवळतात का, परकी पिशवी जमिनीवर ठेवली तर किती वेळात वाकून हुंगतो, हे त्याहून पुष्कळ जास्त सांगतं. आणि ‘खट’ म्हणून दाखवलेल्या घोड्याला कुठे दुखतंय का, हे आधी बघावं. २०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली. मागे ताठ झालेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, गालाचे ताठरलेले स्नायू, घट्ट तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या अशा त्यातल्या ६ खुणा आहेत. दात कुठे टोचत असेल, नाल चुकीचा बसला असेल, जुवाखाली कातडी सोलली असेल, तर कुठल्याही भोवऱ्याचा घोडा चावणार.

आपल्या भागात या प्रश्नाची तपासणी फार चांगली होऊ शकते. इथे घोडे आहेत, एक घोडा-एक बैल अशा जोडीच्या शर्यती आहेत, खिल्लार जनावरं आहेत आणि भोवरे अचूक ओळखणारी माणसं अजून हयात आहेत. पशुवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर कपाळांचे फोटो काढावेत आणि भोवऱ्याची जागा जाणत्यांकडून नोंदवून घ्यावी. घोड्याच्या वागण्याला गुण देणारा माणूस मात्र वेगळा हवा, आणि तो गुण देत असताना घोड्याच्या कपाळावर फडकं बांधलेलं हवं. भोवरा दिसला की गुण बदलतात. घोडा रोज धरणाऱ्या माणसाला त्या भोवऱ्याबद्दल आधीपासून काय वाटतं, हेही विचारून लिहून ठेवावं लागेल, नाहीतर भोवऱ्याचा परिणाम कुठला आणि माणसाच्या धास्तीचा कुठला, हे वेगळं काढता येणार नाही.