‘लेमन’ हे ब्रेकअपचं गाणं नाही

जपानी गायक योनेझू केन्शी यांचं ‘लेमन’ हे गाणं 2018 साली आलं, तेव्हापासून आपल्याकडची जे-पॉप, म्हणजे जपानी पॉप, ऐकणारी मुलं ते प्रेमभंगाच्या प्लेलिस्टमध्ये टाकत आली आहेत. ‘ती सोडून गेली, तो आठवणीत झुरतोय,’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा आहे.

हे गाणं ‘अननॅचरल’ या जपानी मालिकेसाठी लिहिलं गेलं. मालिका आहे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची. कारण न कळलेल्या मृत्यूंचा छडा लावणाऱ्या प्रयोगशाळेची. गाणं घडत असतानाच योनेझू यांचे आजोबा वारले, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. म्हणजे ज्याच्यासाठी जीव तुटतोय ते माणूस रुसून गेलेलं नाही, ते या जगातच नाही. व्हिडिओ चर्चमध्ये चित्रित झालाय, तो पुन्हा बघा.

गैरसमज का झाला, हेही समजण्यासारखं आहे. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. आपल्याला मराठीत बहुतेकदा ‘गेला’ की ‘गेली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. तिथे ते मोकळं राहतं. गाण्यातला ‘अनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, प्रेयसी असू शकते, आजोबाही. सबटायटल करणाऱ्यानं प्रेयसी धरली, की पुढचं सगळं त्याच वाटेनं जातं.

ब्रेकअपनंतर हे ऐकून कुणाला रडू आलं, तर ते रडू खरंच आहे. पण ज्याचं कुणी वारलंय, त्याला हे गाणं नक्की पाठवा. ते त्याच्यासाठी आहे.