लॅटिना स्थलांतरित स्त्रिया : स्थलांतराचा आघात व मानसिक आरोग्य

मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांना आणि तिथे जन्मलेल्या त्यांच्या लेकीनातींनाही तेथे लॅटिना म्हणतात. गाव सोडण्याआधी, वाटेत आणि पोहोचल्यावर त्यांनी सोसलेली हिंसा, ताटातूट व भीती यांचा मनावर जो खोल परिणाम होतो, त्याला स्थलांतराचा आघात म्हणतात. अभ्यासक या तीन टप्प्यांचा वेगवेगळा विचार करतात. मात्र कागदपत्रे नसलेल्या बाईच्या बाबतीत तिसरा टप्पा वर्षानुवर्षे चालूच असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही.

बाहेर पडण्याची कारणे जुनी आहेत. ग्वातेमालात १९६० ते १९९६ आणि एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात यादवी युद्ध झाले. युद्धातून पळालेल्या साल्वादोरी कुटुंबांतील काही मुले लॉस अँजेलिसमध्ये टोळ्यांत ओढली गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेने त्यांना मायदेशी हाकलले आणि टोळ्यांनी तिथेही मूळ धरले. टोळी दुकानदारणीकडून खंडणी घेते, मुलाला आपल्यात ओढते, मुलीवर हक्क सांगते. होंडुरासमध्येही हेच चित्र दिसते. त्यात घरातली मारहाण असेल, तर पोलिसांकडे जाऊन फारसे काही पदरात पडत नाही. नवऱ्याच्या छळातून पळालेल्या एका ग्वातेमालन बाईच्या प्रकरणात अशा स्त्रियांना आश्रय मिळू शकतो, असा निर्णय अमेरिकी इमिग्रेशन अपील मंडळाने २०१४ मध्ये दिला. जून २०१८ मध्ये महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी तो फिरवला आणि २०२१ मध्ये त्यांचा निर्णयही रद्द झाला. बाईच्या अंगावरचे वळ तेच असतात, पण ती कोणत्या वर्षी सीमेवर पोहोचते, त्यावर तिचे नशीब ठरते.

प्रवासाचे स्वरूप भीषण आहे. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधले दारिएनचे जंगल २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक लोकांनी पायी ओलांडले. त्यांत कडेवर लेकरू घेतलेल्या बायाही होत्या. मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात सान फर्नांदो येथे ऑगस्ट २०१० मध्ये ७२ स्थलांतरितांची हत्या झाली, त्यांत १४ स्त्रिया होत्या. वाटेत बलात्कार होईल हे गृहीत धरून निघण्याआधी गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांबद्दल मानवी हक्क संघटनांनी लिहिले आहे. एवढे माहीत असूनही त्या निघतात, यावरून मागे काय सोडले असेल याची कल्पना यावी. या वाटेवर माणुसकीही भेटते. व्हेराक्रुस राज्यातील ला पात्रोना वस्तीतल्या बाया १९९५ पासून भात, घेवडा आणि तोर्तिया पिशव्यांत बांधून धावत्या मालगाडीच्या टपावर बसून उत्तरेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या हातात देतात.

सीमा ओलांडल्यावर जीव वाचतो, भीती मात्र पाठ सोडत नाही. २०१८ च्या वसंतात ‘शून्य सहिष्णुता’ धोरणाखाली बेकायदा सीमा ओलांडल्याबद्दल आईबापांवर फौजदारी खटले भरून मुले वेगळी ठेवण्यात आली. २६ जून २०१८ रोजी न्यायालयाने हे थांबवून मुले परत देण्याचा आदेश दिला, तोवर काही पालकांना मुलांशिवाय मायदेशी धाडलेही होते.

आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या छोट्या गावची घटना या भीतीचे मोजमाप देते. १२ मे २००८ रोजी तेथील मांस कारखान्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्यांचा छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. त्यांत बहुसंख्य ग्वातेमालन होते. लहान मुले असलेल्या काही स्त्रियांना पायात इलेक्ट्रॉनिक कडे अडकवून सोडले. त्यांना नोकरी करायला परवानगी नव्हती आणि गाव सोडून जाताही येत नव्हते, त्यामुळे चर्चच्या मदतीवर दिवस काढावे लागले. पुढे संशोधकांनी आयोवातील जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिना मातांना कमी वजनाचे मूल होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी अधिक आढळला. गोऱ्या मातांमध्ये तशी वाढ नव्हती. विशेष म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या लॅटिनाही यातून सुटल्या नाहीत. पोस्टव्हिलपासून दूर राहणाऱ्या, कधी अटक न झालेल्या बायांच्या गर्भापर्यंत भीती पोहोचली होती.

दुःखाचा दुसरा धागा विरहाचा आहे. अनेक आया मुलांना आजीकडे ठेवून येतात, लॉस अँजेलिससारख्या शहरांत इतरांची मुले सांभाळतात आणि तो पगार घरी पाठवतात. पिएरेत होंडाग्न्यू-सोतेलो व अर्नेस्टीन आविला यांनी १९९७ मध्ये या मातृत्वाचा अभ्यास मांडला. बार्सिलोनाचे मानसोपचारतज्ज्ञ होसेबा आचोतेगी यांनी २००२ मध्ये ‘युलिसिस सिंड्रोम’ ही संकल्पना मांडली; युलिसिस हा वर्षानुवर्षे घरापासून दूर भटकलेला ग्रीक महाकाव्यातला वीर. कुटुंब, भाषा, संस्कृती, भूमी, सामाजिक स्थान, आपल्या माणसांचा सहवास आणि जिवाची सुरक्षितता असे सात शोक त्यांनी सांगितले. हा मनोविकार नव्हे, असह्य परिस्थितीला मनाने दिलेला प्रतिसाद आहे, हे त्यांचे म्हणणे मोलाचे आहे.

लक्षणांत झोप न लागणे, डोकेदुखी, पोटदुखी, उदासी आणि जुने प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहणे ही नेहमीची. ‘आताके दे नेर्विओस’, म्हणजे ‘नसांचा झटका’, हा प्रकार वेगळा. अंत्यविधीत किंवा वाईट बातमी कळताच बाई किंचाळते, थरथरते, छातीतून डोक्यापर्यंत उष्णता चढते, कधी शुद्ध हरपते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९९४ मध्ये त्याची दखल घेतली. त्याची ओळख नसलेला डॉक्टर हा पॅनिक अटॅक समजू शकतो. माम किंवा मिश्तेक बोलणाऱ्या आदिवासी बायांची अडचण आणखी मोठी असते, कारण दवाखान्यात स्पॅनिश दुभाषा असला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नसतो.

तग धरण्याचे मार्ग या स्त्रियांनी स्वतः शोधले आहेत. मेक्सिकोतील ग्वादालुपेच्या माता मेरीवरची श्रद्धा, चर्च, मुलांसाठी उभे राहण्याचा निश्चय आणि कोमाद्रे, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याने जोडली गेलेली मैत्रीण. वस्तीतल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविका, ‘प्रोमोतोरा’, स्वयंपाकघरात बसून जे ऐकून घेतात ते क्लिनिकमध्ये सहसा कोणी बोलत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेतमजूर स्त्रियांच्या ‘आलियान्सा नासिओनाल दे काम्पेसिनास’ या संघटनेने सात लाख मजुरणींच्या वतीने आपल्यालाही तेच सोसावे लागते असे सांगत हॉलिवूडमधील लैंगिक अत्याचारग्रस्त अभिनेत्रींना पाठिंब्याचे पत्र लिहिले. ‘टाइम’ नियतकालिकाने ते छापले. आपल्यावरचा अत्याचार उघड बोलणे हीही एक उपचाराचीच वाट आहे.

मात्र या सोशिकपणाचे कौतुक जपून करायला हवे. २००२-०३ च्या देशव्यापी पाहणीत स्थलांतरित लॅटिनोंमध्ये मनोविकारांचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळले. त्यावरून यांना मदतीची गरज कमी, असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. २०१० च्या आरोग्य कायद्याने कागदपत्रे नसलेल्यांना सरकारने उभारलेल्या विमाबाजारातून स्वतःच्या पैशाने विमा घेण्यासही मनाई केली. अनेकींची डॉक्टरशी गाठ पडते ती थेट बाळंतपणात किंवा अपघातात.

समुपदेशनाला कायद्याचीही जोड लागते. गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांसाठी २००० मध्ये यू व्हिसा आला, पण मुख्य अर्जदारांसाठी वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने प्रतीक्षा कित्येक वर्षांची असते. आश्रयाच्या खटल्यात बाईला बलात्काराची हकिकत अधिकाऱ्यापुढे आणि न्यायाधीशापुढे पुन्हा सांगावी लागते. आघातात स्मृती विस्कळीत होते, तारखा व क्रम चुकतात, हे मानसशास्त्राला ठाऊक आहे. तरीही २००५ च्या रियल आयडी कायद्यानुसार किरकोळ विसंगतीही, ती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी, अविश्वासाचे कारण ठरू शकते. म्हणून बाईच्या मनाची अवस्था समजावून सांगणारा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वकील अर्जाला जोडतात.