प्रकल्प व्यवस्थापनाविषयीचे गैरसमज

नियोजनाची साधने हाती आली की व्यवस्थापन साधले, या समजुतीत प्रकल्प व्यवस्थापनाविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ आहे. साधनांच्या इतिहासाविषयीही असेच काही समज रूढ झाले आहेत.

वेळापत्रकाच्या पट्टीतक्त्याचे, म्हणजे प्रत्येक कामाचा कालावधी आडव्या पट्टीने दाखवणाऱ्या तक्त्याचे, जनकत्व सर्रास अमेरिकन अभियंते हेन्री गँट (१८६१–१९१९) यांना दिले जाते. पोलिश अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी मात्र १८९६ च्या सुमारासच ‘हार्मोनोग्राम’ ही पद्धती योजली होती. गँट यांचे तक्ते साधारणतः १९१०–१५ या काळातील आहेत. आदामिएत्स्की यांचे या पद्धतीवरील प्रसिद्ध विवेचन १९३१ मध्ये पोलिश भाषेत छापले गेले. तोवर गँट यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांच्या १९२२ च्या ग्रंथाने गँट यांचे नाव सर्वदूर नेले होते. दोन्ही शोध स्वतंत्रपणे लागले असावेत, असे मानणे सयुक्तिक वाटते. गँट यांचा भर मुख्यतः कारखान्यातील ठरलेले काम आणि झालेले काम यांची तुलना करण्यावर होता. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे हार्मोनोग्राममध्ये नोंदवले जाई. त्यामुळे कामांचे परस्परसंबंध जाळ्याच्या रूपात मांडणाऱ्या, पुढील काळातील जाल-आराखड्यांशी त्याचे नाते अधिक जवळचे ठरते.

क्रिटिकल पाथ म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या कामांची यादी, हा समजही चुकीचा आहे. ड्युपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत परस्परावलंबी कामांची सर्वांत दीर्घ साखळी शोधली जाते. समजा, यंत्राच्या पायाचे काम १० दिवसांचे, त्यानंतर काँक्रीटचे क्युरिंग (ओलावा राखून ते पक्के होऊ देणे) १४ दिवसांचे, म्हणजे एकूण २४ दिवस, आणि त्याच सुरुवातीपासून यंत्र येण्यास १८ दिवस लागणार आहेत. येथे क्युरिंगच्या काळात कोणी फारसे राबत नसले, तरी ते क्रिटिकल पाथवर असते आणि यंत्राला ६ दिवसांची सवड मिळते. यंत्र ८ दिवस रखडले, तर क्रिटिकल पाथच बदलतो. म्हणून तो एकदाच काढून ठेवणे पुरेसे नसते.

अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पाचे यश १९५८ मध्ये तयार झालेल्या पर्ट (PERT) या जाल-आराखड्यावर आधारित नियोजन पद्धतीचे, असे पुष्कळदा सांगितले जाते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हार्वे सापोल्स्की यांनी १९७२ मध्ये त्याबद्दल साधार शंका घेतली. प्रत्यक्ष कामावर पर्टचा प्रभाव मर्यादित होता आणि बाहेरील हस्तक्षेप दूर ठेवण्यास ती अधिक उपयोगी पडली, हे त्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

रखडलेल्या कामावर माणसे वाढवली की ते लवकर उरकते, ही समजूत अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संगणकप्रणालींच्या संदर्भात खोडून काढली. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, शिवाय आपसांतील संपर्क वाढतात : ५ जणांत १० जोड्या होतात, १० जणांत ४५. सुटे भाग करून वाटून देता येणारी कामे याला अपवाद आहेत. आपले विधान ढोबळ असल्याचे ब्रुक्स यांनीच नमूद केले होते.