चारशे माणसं पडली आणि स्पार्टाची सत्ता ढासळली

इ.स.पू. ३७१. मध्य ग्रीसमधल्या ल्यूक्ट्राच्या मैदानात थीब्ज या ग्रीक नगरराज्याच्या सैन्याने स्पार्टाचा पराभव केला. राजा क्लिओम्ब्रोटस मारला गेला आणि त्याच्याबरोबर सुमारे ४०० स्पार्टन नागरिकही. आकडा किरकोळ वाटतो, पण त्या दिवशी स्पार्टाच्या बाजूने उतरलेले पूर्ण नागरिक होते जेमतेम ७००. बाकीचे मित्रराज्यांचे किंवा दुय्यम दर्जाचे लोक.

शंभरेक वर्षांपूर्वी स्पार्टात असे ८,००० पुरुष होते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. मग ते गेले कुठे? भूकंप आणि युद्धांनी काही नेले, पण मला खरं कारण त्यांच्या पंगतीत दिसतं. प्रत्येक नागरिकाने सामायिक भोजनासाठी दरमहा ठरलेलं धान्य, दारू, चीज द्यायचं; ते जमलं नाही की नागरिकत्व गेलं. जमिनी मोजक्या घराण्यांकडे गोळा होत गेल्या, तसतसे शूर पण गरीब लोक पंगतीतून उठत गेले. माणसांच्या तुटवड्यानेच स्पार्टा बुडाला, हे ॲरिस्टॉटलचं निदान मला पटतं.

थीब्जचा सेनापती एपॅमिनोन्डस याने घाव नेमका तिथेच घातला. ग्रीक सैनिक ढाल डाव्या हाती धरायचा. उजवी बाजू उघडी, म्हणून जो तो उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड सरकायचा. अख्खी फळी उजवीकडे कलायची, आणि मानाची, कसलेली तुकडीही त्याच टोकाला असायची. एपॅमिनोन्डसने प्रथा उलटवली. नेहमीच्या आठ-बारा रांगांऐवजी डाव्या बगलेवर ५० रांगा उभ्या केल्या, बरोबर स्पार्टाच्या राजासमोर. उरलेली फळी त्याने मागे रोखून धरली.

तरी निर्णायक घाव रणांगणाबाहेरचा. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एपॅमिनोन्डस थेट स्पार्टाच्या मुलखात शिरला आणि त्याने स्पार्टाच्या ताब्यातला मेसीनिया प्रांत मुक्त केला. तिथले हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलाम, पिढ्यान् पिढ्या स्पार्टन मालकांसाठी राबत होते. त्यांच्या घामावर पिकलेलं धान्यच त्या पंगतीत जायचं, म्हणून तर स्पार्टन पुरुष शेती न करता आयुष्यभर शस्त्र चालवू शकत होता. माणसं आधीच संपली होती, आता कोठारही गेलं.

थीब्जचा दबदबा फार टिकला नाही. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत एपॅमिनोन्डस पडला. मेसीनिया मात्र स्पार्टाला पुन्हा कधीच मिळाला नाही. मुक्त झालेल्या लोकांनी ३६९ मध्ये वसवलेल्या मेसीनी नगरीचा दगडी तट आणि त्याचे बुरूज आजही इथोमी डोंगराच्या अंगाखांद्यावर उभे आहेत.