परग्रहवासी माणसासारखेच? छे!

सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर विज्ञानकथांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "लेखकांना दोन हात-दोन पायांपलीकडचा परग्रहवासी सुचतच नाही." साफ चूक. तो अवतार मुख्यतः पडद्यावरचा. तिथे मुखवट्याआड नट कोंबायचा असतो आणि बजेटही बेताचं! कागदावर असली अडचण नाही. एच. जी. वेल्स यांचे १८९८ सालच्या कादंबरीतले मंगळवासी बघा: सुमारे चार फूट व्यासाचं गोल धूड, म्हणजे जवळजवळ नुसतं डोकंच. तोंडाभोवती चाबकासारख्या सोळा सोंडा. पचनसंस्था नाहीच, दुसऱ्याचं ताजं रक्त थेट आपल्या शिरांत घ्यायचं. किळसवाणं खरं, पण माणसासारखं खचितच नाही. स्तानिस्लाव लेम यांनी तर १९६१ च्या 'सोलारिस'मध्ये ग्रहभर पसरलेला अख्खा समुद्रच सजीव केला. त्याला मुखवटा कुठून चढवणार?